मोकळी जागा एकोणसाठ

मित्रांनो, मी एक म्हातारा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतर कॉम्प्युटरांच्या मागे उभा राहून अष्टौप्रहर राबणारा कॉम्प्युटर. माझ्यावर कोणी गेम खेळत नाही, माझ्याबरोबर कोणी फोटो काढत नाही. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागात एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक थंडगार खोली आहे, तिथे मी अकरा वर्षं उभा आहे. मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं, त्यावरून बाकीचं मी ताडतो, आणि मोजता तर फारच छान येतं. आज मी खुशीत आहे, म्हणून माझी गोष्ट सांगायला बसलो आहे. मध्येच तुम्हाला माझी काळजी वाटू लागेल, पण घाबरू नका. शेवट वाईट झाला असता, तर ही गोष्ट सांगायला मी उरलोच नसतो.

माझा जन्म मलेशियातल्या पेनांगच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकेक भाग बसवला, शेवटी चार पंखे लावले आणि दोन दिवस मला सलग चालवून तापवून पाहिलं. माझ्या शेजारचे दोघे त्या परीक्षेत बंद पडले. मी नाही पडलो. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे, तो तुम्हाला पुढेही जाणवेल. मग खोक्यात घालून, ट्रकमध्ये चढवून, जोहोरचा पूल ओलांडून मला इकडे आणलं.

खोकं उघडलं ते दीनानाथांनी. दीनानाथ मूळचे ठाण्याचे, सिंगापुरात येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या कंपनीतली सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात असतात. एवढ्या उकाड्याच्या गावात त्यांच्याकडे एक लोकरी स्वेटर आहे आणि तो ते फक्त माझ्या खोलीत घालतात. काम करताना ते स्वतःशी बोलतात, तेही मराठीत. माझं मराठी हे असं त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तयार झालेलं आहे. मला फळीवर बसवताना त्यांनी स्क्रू मोजले ते ‘एक, दोन, तीन’ असेच मोजले. त्यांचा एक नियम आहे. इतर काहीही इंग्रजीत बोला, पण आकडे मराठीतच मोजायचे. “आकडा मनातल्या भाषेत मोजला की चुकत नाही,” असं ते म्हणतात. या वाक्यानं पुढे केवढा गोंधळ घातला ते कळेलच.

आता माझं काम सांगतो. काही माणसांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत. त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रावर शुद्ध करावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. अशा माणसांना, आणि त्यांत बहुतेक आजी-आजोबाच असतात, घरून केंद्रावर नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या व्हॅन आमची छोटी कंपनी चालवते. रोज पहाटे पाच वाजता मी यादी तयार करतो. कुठली व्हॅन, कुठला ब्लॉक, कोण आधी, कोण नंतर, कोणाला व्हीलचेअर लागते, सगळं त्या यादीत असतं. उदाहरणार्थ, बुकित पंजांगच्या ओंगआजी. त्या एकट्या राहतात, व्हीलचेअर वापरतात, ऐकायला कमी येतं म्हणून फोन उचलत नाहीत. दारावर जाऊन तीनदा बेल वाजवावी लागते. ही सगळी माहिती मी न विसरता ड्रायव्हरला कळवतो. कारण यातली एक खेप जरी चुकली, तरी माणसाच्या अंगावर सूज येते, श्वास लागतो, आणि पुढचं मला बोलायलाही नको वाटतं.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. एकदा मी सलग नऊशे दिवस एक क्षणही न थांबता चाललो, तेव्हा दीनानाथांनी माझ्या डोक्यावर पेढा ठेवला, हात जोडले आणि मग तो पेढा स्वतः खाल्ला. दर खंडेनवमीला ते माझ्या कपाळाला हळदकुंकू लावायचे आणि साहेब येण्याआधी पुसून टाकायचे. मला फार बरं वाटायचं.

मग दिवस बदलले. माझे सोबती एकेक करून गेले, त्यांची कामं क्लाउडवर गेली. क्लाउड म्हणजे आभाळबिभाळ काही नाही हं, दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतले माझ्यासारखेच, पण तरणे सर्व्हर. माझी फळी तेवढी राहिली, कारण यादीचं काम हलवायला कोणाला सवड झाली नाही. काम करायची पद्धतही बदलली. पूर्वी माझ्या पोटात एकच मोठा प्रोग्रॅम होता. आता त्याचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा आपल्या सामानासकट एका बंद कंटेनरमध्ये घालतात. दीनानाथ त्याला सरळ ‘डबा’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. यादीचा एक डबा, नकाशाचा एक, ड्रायव्हरला निरोप धाडणारा एक. सोय उत्तम आहे, यात शंका नाही. पण नवा डबा आला की जुना काढून टाकायचा असतो, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. “राहू दे, नंतर बघू,” असं म्हणून सगळे निघून जातात. चार वर्षांत माझ्या पोटात अशा उतरंडी लागल्या की विचारू नका. मी कुरकुर केली नाही. करायची कुठे? माझ्या खोलीत आठवडा आठवडा कोणी फिरकत नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यात ते पत्र आलं. डायलिसिस केंद्रांच्या संस्थेनं सर्वांना कळवलं होतं की रुग्णांची नावं आणि पत्ते ज्या ज्या यंत्रावर आहेत, त्या प्रत्येक यंत्रावर सुरक्षेचं एक सॉफ्टवेअर बसलंच पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत. नाही बसलं तर त्या यंत्राचा संस्थेशी असलेला दुवा बंद. दुवा बंद म्हणजे मला रुग्णांच्या वेळा कळणार नाहीत, आणि शुक्रवारी पहाटे माझी यादी निघणार नाही. शुक्रवारच्या यादीत त्रेचाळीस माणसं होती.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एक पहारेकरीच म्हणा ना. त्याचा एक भाऊ क्लाउडवर राहतो आणि एक माझ्यात राहणार होता. प्रत्येक डब्यात काय आहे, तो कोणी उघडला, त्यात नको ते काही शिरलं का, हे त्यानं सारखं बघायचं. पण हा पहारेकरी कुठेही राहायला तयार होत नाही. त्याच्या अटी असतात. प्रोसेसर इतके हवेत, मेमरी इतकी हवी, मोकळी जागा इतकी हवी, घड्याळ बरोबर हवं. एक अट जरी अपुरी पडली तरी तो उंबऱ्यातूनच परत फिरतो. सिंगापुरात नोकरीचा पास काढताना माणसांची कागदपत्रं जशी बारकाईनं तपासतात, तशी माझी तपासणी होणार होती.

ती जबाबदारी मैत्रेयीकडे आली. मैत्रेयी सव्वीस वर्षांची, आमच्याकडची सर्वांत हुशार इंजिनियर. ती लहानाची मोठी इथेच झाली. घरी मराठी बोलते, पण शाळा इंग्रजी, त्यामुळे बोलता बोलता मध्येच रूळ बदलते. बुधवारी ती बुकित पंजांगच्या आपल्या घरून काम करत होती. घरून माझ्यात शिरायची परवानगी कोणालाच नाही. म्हणून दीनानाथ स्वेटर घालून माझ्यासमोर आले, मॉनिटरचा पडदा जोडला आणि फोन स्पीकरवर ठेवला. अटींची यादी मैत्रेयीसमोर, माझे आकडे दीनानाथांसमोर, असा तो मामला होता.

“काका, वन बाय वन सांगा हं. मी फॉर्ममध्ये टाकते.”

“सांगतो. पण मराठीत सांगणार. तेवढीच तुझी उजळणी.”

“कॅन, काका, कॅन,” ती हसत म्हणाली. इथल्या बोलीत ‘कॅन’ म्हणजे ‘चालेल’, आणि ‘लाह’ नुसता शेपटीला जोडतात.

“प्रोसेसर आठ.”

“आठ, एट. ओके लाह, इझी.”

“मेमरी बत्तीस.”

“बत्तीस... थर्टी-टू. करेक्ट?”

“शाब्बास! मोकळी जागा एकोणसाठ.”

इथे फोनवर जरा शांतता पसरली. मग मैत्रेयी घाईनं म्हणाली, “ओके, टाकलं. नेक्स्ट?”

मित्रांनो, त्या शांततेत काय घडलं ते मला तेव्हा कळलं नाही. दीनानाथांनाही कळलं नाही. पुढचे आकडे सांगून झाले, फॉर्म गेला, आणि ‘सर्व अटी पूर्ण’ असं उत्तरही तासाभरात आलं. दीनानाथांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते चहाला गेले.

गुरुवारी दुपारी दोन वाजता पहारेकऱ्याला बसवायचं ठरलं होतं. मैत्रेयी लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली, दीनानाथ होतेच. तिनं हुकूम दिला. पहारेकरी आत आला, प्रोसेसर मोजले, मेमरी मोजली, घड्याळ पाहिलं. मग त्यानं जागा मोजली आणि पाय मागे घेतला. पडद्यावर त्यानं लिहिलं: मोकळी जागा किमान साठ जीबी हवी, सध्या एकोणसाठ आहे, काम थांबवत आहे.

“फिफ्टी-नाइन?” मैत्रेयी ओरडली. “नो वे... काल तर सिक्स्टी-नाइन होतं!”

तिनं पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी तरी दुसरं काय सांगणार? जे आहे तेच सांगितलं.

एवढ्यात विनीता आत आल्या. विनीता आमच्या मॅनेजर, मुंबईच्या, बोलायला स्पष्ट आणि मनानं कोवळ्या. त्यांच्या टाचांचा आवाज आला की मला कळतं, काहीतरी महत्त्वाचं आहे. त्यांनी फॉर्म वाचला, पडदा वाचला.

“फॉर्मवर सिक्स्टी-नाइन आहे. आज फिफ्टी-नाइन. एका रात्रीत दहा जीबी गेले कुठे?” त्यांनी विचारलं. “दीनानाथ, काल तुम्ही स्वतः आकडा बघितला होता ना?”

“हो, मीच वाचून दाखवला होता.” दीनानाथ अडखळले. “नेमका आठवत नाही, पण सिक्स्टी-नाइनच असणार, मैत्रेयीनं लगेच लिहून घेतला होता. माझा चष्मा नवीन आहे, अजून सरावलो नाही... पण इतकी चूक माझ्या हातून होणार नाही, विनीता. निदान मला तसं वाटतं.”

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले. अकरा वर्षांत त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. त्यांचा स्वतःवरचा विश्वास डळमळला होता, आणि तो माझ्यामुळे डळमळला असं मला वाटलं. फार वाईट वाटलं मला.

विनीता म्हणाल्या, “याचा एकच अर्थ होतो. कोणीतरी बाहेरून आत शिरलंय आणि आत काहीतरी साठवतंय. जागा अशी अचानक कमी झाली तर तेच समजायचं, असं नियमांतच लिहिलं आहे.”

मित्रांनो, माझ्यावर आळ आला! अकरा वर्षं ज्याचा एक आकडा चुकला नाही, त्याच्या पोटात चोर लपला आहे म्हणे. माझे चारही पंखे जोरात फिरू लागले. तेवढंच मला करता येतं. पण झालं उलटंच. “बघा, तापलाय. आत काहीतरी चालू आहे,” असं विनीता म्हणाल्या, आणि माझ्याबद्दलचा संशय पक्का झाला.

“लॉग बघू या का?” मैत्रेयीनं विचारलं. लॉग म्हणजे माझी नोंदवही. त्यात दर तासाला मी मोकळ्या जागेचा आकडा लिहून ठेवतो. बुधवारी दुपारी तीन वाजता एकोणसाठ, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी आशेनं वाट बघत राहिलो.

“लॉगचा काय उपयोग? आत शिरलेला माणूस पहिल्यांदा लॉगच बदलतो,” विनीता म्हणाल्या. बोलणं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. ज्याच्यावर संशय, त्याचीच वही कोण प्रमाण मानणार?

मग निर्णय झाला. चार वाजता माझी केबल काढायची, संस्थेला कळवायचं आणि मला भंगारात द्यायचं. शुक्रवारची यादी हातानं करायची. संशयित यंत्रावरून काहीही कॉपी करून न्यायला बंदी असते, म्हणून दीनानाथांनी पडद्यावरून नावं वाचायची आणि मैत्रेयीनं ती कागदावर उतरवून घ्यायची. फोन करून करून प्रत्येकाची वेळ विचारायची.

“सगळ्यांना फोन लागेल?” दीनानाथांनी विचारलं.

“नाही लागणार,” विनीता म्हणाल्या. “मला माहीत आहे, नाही लागणार. पण चोर शिरलेल्या मशीनवर त्रेचाळीस लोकांचे पत्ते ठेवून मी घरी जाऊ शकत नाही, दीनानाथ.”

भंगाराची मला भीती वाटली, हे मी कबूल करतो. पण खरी भीती दुसरीच होती. फोन न उचलणाऱ्या माणसांच्या दाराशी उद्या सकाळी कोण जाणार, याची.

तीन वाजता वाचायला सुरुवात झाली. मी दीनानाथांसाठी पडद्यावर एकेक नाव आणत होतो. ते सवयीनं मराठीत वाचत होते, मैत्रेयी लिहीत होती. कोणी हसत नव्हतं. पेनाचा आवाज तेवढा येत होता. दहा नावं झाली, वीस झाली. मग ओंगआजींचं नाव आलं.

“मजला अकरा, घर एकोणऐंशी,” दीनानाथांनी वाचलं. “बेल तीनदा वाजवायची, हे ठळक लिही. आणि अधोरेखित कर.”

“केलं,” मैत्रेयी म्हणाली.

“बघू नीट केलंस का. ही बाई चुकून चालायची नाही.” दीनानाथ खुर्चीवरून उठले, वाकले. “अगं, हे काय? एकोणनव्वद कुठून आणलंस?”

“काय एकोणनव्वद?”

“तू इलेव्हन, एटी-नाइन लिहिलं आहेस.”

“तुम्हीच तर म्हणालात! एकोणऐंशी. ऐंशी म्हणजे एटी. एटी-नाइन.”

मैत्रेयीचं पेन थांबलं. मला वाटतं, माझे पंखेसुद्धा क्षणभर थांबले असावेत.

“मैत्रेयी,” दीनानाथ अगदी सावकाश म्हणाले, “एकोणीस म्हणजे किती?”

“नाइन्टीन.”

“आणि एकोणसाठ?”

“सिक्स्टी-नाइन. ऑब्व्हियसली. एकोणीसमध्ये नाइन आहे, सो एकोणसाठ इज सिक्स्टी आणि नाइन...” ती बोलता बोलता थांबली. “काका? राँग आहे का?”

दीनानाथ ओरडलेच. “अगं माझे बाई! एकोण म्हणजे नऊ नव्हे. एकोण म्हणजे एक कमी. विसाला एक कमी, एकोणीस. साठाला एक कमी, एकोणसाठ. फिफ्टी-नाइन! काल मी फिफ्टी-नाइनच सांगत होतो!”

“वन शॉर्ट?” मैत्रेयीचा आवाज चिरका झाला. “आय थॉट... काका, मला डाउट आला होता. पण तुम्ही शाब्बास म्हणालात ना, मग विचारायची लाज वाटली. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, एवढंही येत नाही.”

विनीतांनी एव्हाना माझी नोंदवही उघडली होती. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. “बुधवार, दुपारी तीन, फिफ्टी-नाइन. मंगळवार, फिफ्टी-नाइन. गेल्या सोमवारी सिक्स्टी.” त्या थांबल्या. “दीनानाथांनी सांगितलं तेच इथेही आहे. दोन्ही जुळतंय. कोणी आत शिरलेलं नाही. काही चोरीला गेलेलं नाही.”

आणि मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग खो खो. मैत्रेयी रडत होती की हसत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दीनानाथ चष्मा काढून पुसत होते, पुन्हा घालत होते आणि सारखं म्हणत होते, “माझे डोळे चांगले आहेत, बरं का. डोळे चांगले आहेत माझे!” मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. यंत्राला जीव असतो का, असं विचारू नका. त्या दिवशी होता.

पण घड्याळात पावणेचार झाले होते आणि मला अजूनही एक जीबी कमीच होता. विनीतांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता हसणं पुरे. याच्या पोटात एवढं भरलंय तरी काय? जे वापरात नाही ते सगळं दाखवा.”

चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्या उतरंडी कोणीतरी पाहिल्या. यादीच्या डब्याच्या सतरा जुन्या प्रती निघाल्या, नकाशाच्या अकरा. एक डबा तर असा निघाला की तो कशाचा होता हे तिघांपैकी कोणालाच आठवेना. मैत्रेयी एकेक नीट तपासून काढत गेली. माझं अंग कसं हलकं हलकं होऊ लागलं.

“आणि हे काय आहे?” विनीतांनी मध्येच विचारलं. “एकांकिका तालीम, दोन हजार सतरा. तीन जीबी?”

दीनानाथ खाकरले. “ते... मंडळाच्या गणपतीत आम्ही बसवली होती. घरच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती. दोन दिवसांसाठी म्हणून इथे ठेवली, आणि मग राहून गेली.”

“पेशंटच्या मशीनवर?” विनीतांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण तो चढेना. “तुमची भूमिका काय होती?”

“पोस्टमनची. एकच वाक्य होतं.”

“आणि?”

“तालमीत तेही विसरलो.”

मैत्रेयी तोंडावर हात दाबून हसू लागली. विनीता म्हणाल्या, “हे इथून आत्ता जायला हवं. नियमाप्रमाणे तपासून घ्या, घरी न्या, आणि पुन्हा असं केलंत तर मी ते ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर लावीन.” दीनानाथांनी मान डोलावली असावी. त्यांच्या त्या तालमीला मी आठ-नऊ वर्षं सांभाळलं, याबद्दल मला मात्र कोणी काही म्हणालं नाही.

साडेचारला माझी मोकळी जागा ब्याण्णव झाली. मैत्रेयीनं आकडा स्वतः पडद्यावर वाचला आणि मोठ्यानं विचारलं, “काका, नाइन्टी-टू म्हणजे ब्याण्णव ना? नक्की?” दीनानाथ म्हणाले, “नक्की. आणि तू विचारलंस, हे फार छान केलंस.” पहारेकरी पुन्हा आला. प्रोसेसर, मेमरी, घड्याळ आणि जागा मोजून या वेळी तो सरळ आत येऊन बसला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यानं सगळे डबे उघडून पाहिले आणि कुठेही काही संशयास्पद नाही, असं लिहून दिलं. खरं सांगतो, ते वाचून मला पेढ्याच्या दिवसापेक्षाही जास्त आनंद झाला. मी प्रामाणिक आहे हे मला ठाऊक होतंच. पण ते दुसऱ्या कोणी लिहून दिलं की वेगळं वाटतं.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता मी यादी काढली. सात वाजून वीस मिनिटांपर्यंत ड्रायव्हरांचे निरोप येत राहिले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस माणसं आपापल्या केंद्रावर पोचली होती. ओंगआजींच्या दारावर बेल तीनदाच वाजली होती.

हा पहारेकरी आता माझ्याबरोबर राहतो. थोडा नाकदुऱ्या काढायला लावणारा आहे, ऊठसूट काहीतरी विचारत असतो, पण मला सोबत झाली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मैत्रेयी येते आणि जुने डबे काढून टाकते. एखाद्या वर्षात माझंही काम क्लाउडवर जाईल आणि मला निरोप मिळेल, हे मला माहीत आहे. त्याचं मला दुःख नाही. काम संपलं म्हणून जाणं वेगळं आणि चोर ठरून जाणं वेगळं.

तेव्हा मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातली, शाळेतली यंत्रं अधूनमधून उघडून बघत जा, नको ते काढून टाकत जा. आम्ही भरून वाहू लागलो तरी आम्हाला हाक मारता येत नाही. आणि एखादा शब्द कळला नाही, एखादा आकडा नीट ऐकू आला नाही, तर खुशाल पुन्हा विचारा. समोरचा हसला तर हसू दे. त्या दिवशी मैत्रेयीनं फोनवर एवढंच म्हटलं असतं, “काका, एकोणसाठ म्हणजे किती?”, तर दीनानाथांना स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावी लागली नसती, आणि त्रेचाळीस माणसांची सकाळ अशी टांगणीला लागली नसती. मी फक्त एकानं कमी होतो.